म्हसोबाच्या वळणावरची बीप

"सर, एवढे कॅमेरे आहेत, तरी त्यांना न दिसणारी एखादी जागा आहे का या रस्त्यावर?"

मी खणखणीत आवाजात विचारलं आणि मागे अल्फियाला हसू आवरेना. तिने ते खोकल्यात घातलं. हर्षदाने माझ्या दप्तराचा पट्टा ओढला, म्हणजे शाब्बास.

प्रश्न माझा नव्हताच. नववीच्या वर्गाला घेऊन शाळेची बस वाहतूक कंट्रोल रूमकडे निघाली, तेव्हाच या दोघींनी पैज लावली होती. अल्फियाला टॉन्सिल्समुळे पाणीपुरी बंद होती आणि तिच्या अब्बूंचे एक दोस्त वाहतूक शाखेत होते. त्यामुळे मालधक्का रोडवर नेमकं कुठे उभं राहून पाणीपुरी खाल्ली तर आपण पकडले जाणार नाही, हा तिच्या जीवनमरणाचा प्रश्न होता.

"विचारलंस तर आठवडाभर भानुदासकाकांची बोरं माझ्याकडून," ती म्हणाली होती. "नाही विचारलंस तर तू भित्री भागूबाई. आणि ते जिल्ह्यातलं पहिलं बक्षीस परत करून ये."

बक्षीस नवंकोरं होतं. सातवीपर्यंत मी हजेरीला 'हजर' म्हणतानासुद्धा अडखळायचे. नववीत वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले आणि एकदम असं वाटायला लागलं, की जगातला प्रत्येक माइक माझ्यासाठीच ठेवलाय. नसला ठेवलेला तरी चालेल, माझा आवाज पोचतो.

पैजेतली खरी मजा अशी, की समोर उभे असलेले 'खैरनार सर' म्हणजे माझा बाबा होता. मालधक्का रोडवर नवे कॅमेरे आणि नवी सिस्टिम बसवण्याचं काम ज्या कंपनीकडे होतं, तिथला तो मुख्य इंजिनिअर. घरी मी त्याला अरे-तुरे करते. पण त्या सकाळी त्याने दाढी करता करता बजावलं होतं, "वल्ली, तिथे सर म्हणायचं. आणि प्रश्न विचारलास तर माझ्या डोळ्यांत बघून विचार. जमिनीकडे बघून नाही." वक्तृत्वाची तयारीही त्यानेच करून घेतली होती, आरशासमोर उभं करून. त्यानंतर मी बाबाला 'सर' म्हटलं ते अजून एकदाच. पण ते पुढे.

तर मी डोळ्यांत बघून विचारलं. बाबा हसला, मोठ्या स्क्रीनकडे वळला आणि म्हणाला, "नाही. जकात नाक्यापासून मालधक्क्यापर्यंत कुणाचा हातरुमाल पडला तरी दिसतो. आणि नुसता दिसत नाही, सिस्टिमला कळतो. जुने कॅमेरे फक्त बघायचे. हे बघतात आणि सांगतात."

मग त्याने सगळं समजावलं. भर रस्त्यात गाडी थांबली, माणूस चालत उतरला, कुणी उलट्या दिशेने आलं, काही सांडलं-पडलं, की लगेच बीप वाजते. तेवढं एक चित्र लाल चौकटीत मोठ्या स्क्रीनवर येतं. इथून माइकवर बोललं की तिथल्या खांबावरच्या स्पीकरमधून ऐकू जातं. अँब्युलन्सला फोनही इथूनच.

"म्हणजे माणसाने डोळे फोडत बसायची गरजच नाही," बाबा म्हणाला. "आधी इथे एका पाळीत चार जण बसायचे. आता एक पुरतो."

तो एक म्हणजे सोनलताई, हर्षदाची मोठी बहीण. कानाला हेडफोन, समोर चित्रांचा नुसता गुच्छ. तिने मान वळवून आमच्याकडे बघून डोळा मारला. हर्षदाची छाती फुगली ती दिसत होती. तिचे वडील गेल्यावर आई ब्लाउज शिवायची आणि घर चालायचं ते सोनलताईच्या या नोकरीवर. कॉन्ट्रॅक्टवरची होती, पण गळ्यात फोटोचं ओळखपत्र होतं आणि गल्लीत लोक तिला 'कॅमेरावाल्या मॅडम' म्हणायचे.

तेवढ्यात बीप वाजली. आम्ही सगळ्यांनी 'ऊऽऽ' केलं. मोठ्या स्क्रीनवर एक झेंडूचे हार घातलेला कोरा टेम्पो आला, रस्त्याच्या मधोमध उभा. ड्रायव्हर नारळ घेऊन उतरत होता.

"म्हसोबा," सोनलताई म्हणाली आणि बटण दाबून बीप बंद केली.

लगेच दुसरी बीप. रिक्षा. "म्हसोबा."

तिसरी. मोटरसायकलवरचं जोडपं. "म्हसोबाच."

आमच्या देवरे बाईंनी स्क्रीनवर शेंदूर दिसताच सवयीने हात जोडले आणि मग आपल्याला कुणी पाहिलं का ते पाहिलं. आख्ख्या वर्गाने पाहिलं होतं.

म्हसोबाचं वळण आमच्या शहरात सगळ्यांना ठाऊक आहे. रस्ता रुंद झाला तेव्हा म्हसोबा हलवायची कुणाची छाती झाली नाही, म्हणून रस्ताच त्याला वळसा घालून गेला. नव्या गाडीचा पहिला नारळ तिथे. रिक्षावाले तिथे दोनदा हॉर्न मारतात, नाहीतर पाय खाली टेकवून नमस्कार करतात. आणि अमावस्येला माणसं तिथे रस्त्याच्या कडेला चक्क पालथी पडून दंडवत घालतात, कपाळ दगडाला लावून. कॅमेऱ्याच्या दृष्टीने म्हणजे थांबलेली गाडी, रस्त्यावर माणूस आणि सांडलेलं खोबरं, सगळे गुन्हे एकाच ठिकाणी.

बाबाचे कान लाल झाले होते. "हे, हे आपण सुधारतोय," तो म्हणाला.

पैज मी जिंकले. शाळा सुटल्यावर अल्फियाने बोरांचा पुडा माझ्या हातात आपटला. भानुदासकाका शाळेच्या फाटकाशी गाडी लावायचे. बोरं, चिंचा, आवळे आणि त्यांचं ते तिखट-मीठ, जे ते खिशातल्या डबीतून काढायचे, जसं काही केशर आहे.

"कसली पैज गं?" त्यांनी विचारलं.

"काका, हिने आख्ख्या वर्गासमोर स्वतःच्या बाबांना 'सर' म्हटलं!"

"मग काय झालं? माझा पोरगा मला कामावर 'ओ गाडीवाले' म्हणतो." त्यांनी माझ्या पुड्यात दोन बोरं जास्तीची टाकली. "जिंकणाराला वरकड."

पुढच्या आठवड्यात सिस्टिमचं उद्घाटन होतं. बाबा घरी चिडचिडा झाला होता. मंत्री कंट्रोल रूममध्ये उभे राहणार, चॅनेलवाले येणार आणि त्याच वेळी तो म्हसोबा बीपबीप करत बसणार. सोनलताईनेही त्याला म्हटलं होतं, "सर, त्याचं काहीतरी करा. दर दोन मिनिटांनी वाजतं. खरंच काही झालं तर मला ओळखू येणार नाही." हे मला हर्षदाकडून कळलं होतं.

एका संध्याकाळी मी निबंध लिहीत बसले होते तर बाबाने हाक मारली. "वल्ली, इकडे ये. जादू बघ."

लॅपटॉपवर म्हसोबाचं वळण होतं. गाड्या धावताना दिसत होत्या. शेंदरी दगडाभोवती, फुटपाथपासून रस्त्याच्या अर्ध्या पट्ट्यापर्यंत बाबाने एक वाकडातिकडा राखाडी तुकडा काढला होता, लहान मूल नकाशात देश रंगवतं तसा.

"आता बघ हं. आली रिक्षा."

रिक्षा आली, राखाडीत थांबली. ड्रायव्हरने हात जोडले. गेला.

काहीच वाजलं नाही.

बाबाने टाळी वाजवली. "सिस्टिमला म्हसोबा कळायला लागला!"

"नवस बोललास की काय?"

"सेटिंग म्हणतात त्याला, सेटिंग! कंट्रोल रूमच्या स्क्रीनवर हा रंग दिसणारसुद्धा नाही. चित्र जसंच्या तसं. फक्त सिस्टिम तेवढ्या जागेचा त्रास करून घेणार नाही."

"कायमचा असाच ठेवणार?"

"छे गं. उद्घाटनापुरता. मग सावकाश शिकवतो तिला." त्याने लॅपटॉप मिटला. "आईला सांग, आज मी भाकरीबरोबर दोन मिरच्या खाणार."

किती दिवसांनी तो असा हसला होता. मीही हसले. आईने खरंच ठेचा वाटला.

उद्घाटन झकास झालं. मंत्र्यांनी माइकवरून एका उलट येणाऱ्या मोटरसायकलवाल्याला दटावलं, तो बिचारा आकाशाकडे बघायला लागला, आणि चॅनेलवर हेच दिवसभर दाखवलं. पेपरात बाबाचा फोटो आला. सोनलताईचाही, पाठमोरा. हर्षदाने तो कापून वहीला लावला. "पाठ असली म्हणून काय झालं, आमचीच आहे," ती म्हणाली.

सोनलताई मला एकदा रस्त्यात भेटली तर म्हणाली, "तुझे बाबा जादूगार आहेत. म्हसोबा आता अगदी गप्प! मी त्यांना म्हटलं, सर हे कसं केलंत, तर म्हणाले, सिस्टिमला आता भक्त ओळखू येतात."

मला अभिमान वाटला होता. तो किती वाटला होता हे आठवलं, की अजून तोंडात कडू येतं.

माघातली अमावस्या बुधवारी होती. गुरुवारी शाळेच्या फाटकाशी गाडी नव्हती. अल्फिया म्हणाली, गावी गेले असतील. मधल्या सुट्टीत शिपाईमामांनी सांगितलं.

भानुदासकाका दिवस मावळताना गाडी ढकलत घरी चालले होते. म्हसोबाच्या वळणावर मागून एका पिकअपने उडवलं आणि ती निघून गेली. हातगाडी फुटपाथला जाऊन टेकली. काका पालथे पडले, म्हसोबाच्या पुढ्यात, कपाळ दगडाजवळ.

आणि अमावस्या होती.

लोकांना वाटलं, दंडवत घालतोय. बोरं सांडली होती, ती लोकांना वाहिलेली वाटली. माणसं आली, काकांना वळसा घालून पुढे झाली, नमस्कार करून गेली. एकाने त्यांच्या हाताजवळ फुलं ठेवली होती. शेवटी दिवा लावायला आलेल्या एका बाईला हा माणूस उठत कसा नाही असं वाटलं आणि तिने खांद्याला हात लावला. तोवर तासभर होत आला होता.

शुक्रवारी पहाटे ते गेले. लवकर आणलं असतं तर वाचले असते, असं डॉक्टरांनी त्यांच्या मुलाला सांगितलं. हे पेपरात होतं. त्याच्याच खाली मोठ्या अक्षरांत होतं: 'अत्याधुनिक यंत्रणा जागी, ऑपरेटर झोपेत?'

त्या पाळीला सोनलताई होती.

तिला घरी बसवलं. पुढच्या सोमवारी चौकशी ठरली. शाळेत हर्षदा आली आणि वर्गात एकदम शांतता पसरली, ती वाईट शांतता, जिच्या आत कुजबुज असते. मागच्या बाकावरची निशिगंधा मुद्दाम ऐकू जाईल असं म्हणाली, "मोबाइलवर रील बघत होती म्हणे."

अल्फिया उठून तिच्यासमोर उभी राहिली. "तू होतीस का तिथे? कॅमेऱ्यात दिसली नाहीस."

"पेपरात आलंय."

"पेपरात माझ्या दादाचा दहावीचा नंबरही चुकीचा आला होता. गप बस."

हर्षदा वहीचं पान खरवडत होती. बघितलं तर तो पाठमोरा फोटो काढायचा प्रयत्न चालला होता. डिंक घट्ट बसला होता. पान फाटलं, फोटो निघाला नाही.

संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. तिची आई मशीनवर होती, पण मशीन चालत नव्हतं. सोनलताई जमिनीवर बसून मटार सोलत होती. टरफलं पातेल्यात आणि दाणे कचऱ्यात टाकत होती. हर्षदाने न बोलता दोन्ही भांड्यांची अदलाबदल केली.

"वल्ली, बस," सोनलताई म्हणाली. "चहा घेणार?"

"नको ताई."

"बीप वाजली नाही गं." ती एकदम बोलली, मी काही विचारलंच नव्हतं. "मी हेडफोन काढलेसुद्धा नव्हते. तिकडे जकात नाक्यावर ट्रक बंद पडला होता, त्याची बीप आली, मी क्रेनला फोन लावला. त्यानंतर पेट्रोल पंपापाशी कुत्रं आडवं आलं, तीही आली. म्हसोबाची आलीच नाही. पण ते म्हणतात, वाजली नाही असं होऊच शकत नाही. कंपनीने लिहून दिलंय, यंत्रणेत दोष नाही."

"ताई..."

"चित्र समोर होतंच, असं म्हणतात. होतं ना. चाळीस-बेचाळीस चित्रं होती. त्यातल्या एकात एक माणूस पालथा पडलाय आणि लोक त्याला नमस्कार करतायत. अमावस्येला. मी पाहिलंही असेल, वल्ली. पाहिलं असेल आणि मला वाटलं असेल की भक्त आहे." तिचे हात थांबले. "आता तर मला वाटायला लागलंय, मी झोपलेच असेन. माणसाला झोप लागलेली कळत नाही ना?"

मशीनवरून तिची आई म्हणाली, "तू नाही झोपत गं. तू लहानपणापासून नाही झोपत."

"खैरनार सर फोन उचलत नाहीयेत," सोनलताई म्हणाली. "कामात असतील. तू विचारशील त्यांना? एवढंच विचार, सिस्टिमला भक्त ओळखू येतो, मग पडलेला माणूस का नाही आला?"

माझ्या डोळ्यांसमोर तो तुकडा आला. राखाडी, वाकडातिकडा. त्यात थांबलेली रिक्षा आणि बाबाची टाळी.

"विचारते," मी म्हटलं.

घरी पोचले तेव्हा आई मेथी निवडत होती आणि बाबा शर्टला इस्त्री करत होता. निळा, उद्घाटनाचा. सोमवारी चौकशीत यंत्रणेची माहिती द्यायला कंपनीतर्फे तोच जाणार होता.

"बाबा, तो म्हसोबावरचा राखाडी तुकडा अजून आहे?"

इस्त्री थांबली नाही. "काढला."

"कधी?"

"वल्ली, हातपाय धू आधी," आई म्हणाली.

"कधी काढलास?"

बाबाने कॉलर उलटी केली, पुन्हा सुलटी केली. आरशासमोर उभं करून ज्याने मला सहा महिने शिकवलं होतं, तो इस्त्रीच्या टेबलाकडे बघत बोलला.

"गुरुवारी."

काका बुधवारी पडले होते.

आईच्या हातातली मेथी तशीच राहिली. म्हणजे तिलाही आत्ताच कळत होतं. की तारीख कळत होती आणि बाकीचं आधीच ठाऊक होतं? मी अजूनही तिला विचारलेलं नाही.

"उद्घाटन झालं की काढणारच होतो," बाबा म्हणाला. "मग सगळे खूश होते. कुणाची तक्रार नाही. मग दुसऱ्या शहराचं काम आलं... राहिलं गं. राहून गेलं."

"मग हे सांग ना तिथे!"

"इतकं सोपं नसतं."

"सोनलताईला काढतील."

"तिच्यासमोर चित्र होतं. तिने बघायला हवं होतं. माणूस कशासाठी बसवलाय?"

"तूच म्हणालास, माणसाने डोळे फोडायची गरज नाही! आख्ख्या वर्गासमोर म्हणालास!"

"आवाज खाली," आई म्हणाली.

"कंपनीने सांगितलंय, यंत्रणेबद्दल एक अक्षर बोलायचं नाही," बाबा म्हणाला. "आणखी चार शहरांत हीच बसतेय. एका तुकड्यावरून सगळ्यावर संशय येईल. चांगली सिस्टिम आहे, वल्ली. किती जीव वाचतील त्यामुळे, ते तू बघत नाहीस."

"भानुदासकाका परत येणार आहेत का कुणी बोलल्याने?" आई हळू आवाजात म्हणाली. "सोनल तरुण आहे. तिला दुसरं काहीतरी मिळेल. बाबांचं नाव एकदा गेलं की गेलं."

"तिचं नाव नाहीये का?"

आई मेथी निवडू लागली, फार काळजीपूर्वक, एकेक पान.

"तू लहान आहेस," बाबा म्हणाला.

"जिल्ह्यात पहिली आले तेव्हा नव्हते?"

शर्टातून जळका वास आला. बाबाने इस्त्री उचलली. खिशावर तपकिरी टोक उमटलं होतं. तो त्या टोकाकडे बघत राहिला, जसं काही जगात त्याहून वाईट काही झालेलंच नाही. त्या क्षणी मला बाबाचा इतका राग आला आणि त्याची इतकी दया आली, की दोन्हींनी मिळून माझा आवाजच बंद केला. सातवीतल्यासारखा.

रविवारी सकाळी मी अल्फियाला घेऊन म्हसोबाच्या वळणावर गेले. तिला मी काही सांगितलं नव्हतं. तिनेही विचारलं नाही, आणि ते तिच्या स्वभावात अजिबात बसत नाही.

फुटपाथच्या कडेला काकांच्या गाडीचा एक पाय मोडून पडला होता. गटाराच्या जाळीत बोरं अडकली होती, चाकांखाली येऊन चिकट झालेली. त्यातलं एक मी उचललं आणि परत ठेवलं.

"इथे उभी राहा आणि माझ्याकडे बघ," मी म्हटलं. रस्ता मोकळा आहे ना ते पाहिलं आणि फुटपाथवरून खाली उतरले. बरोबर तिथे, जिथे राखाडी होतं. उतरले आणि नुसती उभी राहिले.

"ए, वेडी झालीस का?"

तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत खांबावरचा स्पीकर खरखरला. अनोळखी पुरुषाचा आवाज आला, "म्हसोबा वळण. पिवळा कुर्ता. ओ मुली, बाजूला हो. फुटपाथवर ये."

अल्फिया आधी हसली. तिला वाटलं, कसली भारी गंमत. मग तिने माझ्याकडे पाहिलं, गाडीच्या त्या मोडक्या पायाकडे पाहिलं, वर कॅमेऱ्याकडे पाहिलं.

"हे आज वाजलं," ती म्हणाली. "मग त्या दिवशी...?"

मी फुटपाथवर चढले. दोन पावलं खाली उतरले तर त्यांना माझ्या कुर्त्याचा रंगसुद्धा कळला होता. काका तिथे जवळजवळ तासभर पडून होते.

"वल्ली, तुझे बाबा...?"

"हो."

तिने माझा हात धरला. घरापर्यंत सोडला नाही आणि पैजेबद्दल, पाणीपुरीबद्दल, कशाबद्दल एक शब्द बोलली नाही.

घरी पानं घेतली होती. रविवार म्हणून आईने भरली वांगी केली होती. दारामागच्या खुंटीवर बाबाचा दुसरा शर्ट टांगलेला होता, पांढरा, नवा.

मी हात धुऊन आले, पण बसले नाही.

"बस ना," आई म्हणाली.

"मला काहीतरी सांगायचंय. मग बसते."

बाबाने घास खाली ठेवला. त्याला कळलं होतं. माझा आवाज येण्याआधी मी दोन्ही खांदे मागे घेते, हे त्यानेच शिकवलेलं होतं.

"उद्या मी शाळेत जाणार नाही. सोनलताईबरोबर चौकशीला जाणार आहे. आत सोडलं नाही तर दारात उभी राहीन, तू येईपर्यंत."

"वल्लरी," आई म्हणाली. आई मला पूर्ण नावाने फक्त तापात हाक मारते.

"बाबा, तू आधी बोललास तर मी एक शब्दही बोलणार नाही. तुझ्या शेजारी बसेन आणि तुझ्याबरोबर घरी येईन. पण तू नाही बोललास, तर मी सगळ्यांसमोर तुला विचारणार आहे. तेव्हा बाबा म्हणणार नाही. सर म्हणणार आहे. सर, एवढे कॅमेरे आहेत, तरी त्यांना न दिसणारी एखादी जागा होती का या रस्त्यावर?"

बाबाची नजर पानाकडे वळली.

"तुझ्या डोळ्यांत बघून विचारणार आहे," मी म्हटलं. "आणि या वेळी पैज कुणीही लावलेली नाही."